शॉशँक : खरं कुणाचं, टीकाकारांचं की प्रेक्षकांचं?

हॉलिवुडमध्ये आपटलेले चित्रपट शेकड्यानं सापडतील. पण आपटल्यावर अंगावरची धूळ झटकून उठलेला आणि थेट पहिल्या नंबरावर जाऊन बसलेला ‘द शॉशँक रिडेम्प्शन’सारखा चित्रपट विरळाच. सप्टेंबर १९९४मध्ये तो अमेरिकेतल्या मोजक्या थिएटरांत लागला. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. पहिल्या फेरीतली तिकीटविक्री जेमतेम एक कोटी साठ लाख. ऑक्टोबरात तो सगळीकडे झळकला, तर त्याच शुक्रवारी टॅरेंटिनोचा ‘पल्प फिक्शन’ समोर उभा! ‘फॉरेस्ट गम्प’ तर जुलैपासून ठाण मांडून बसला होता. या दोन पैलवानांपुढे बिचाऱ्या तुरुंगपटाचा काय निभाव लागणार?

त्यातून ते नाव. मॉर्गन फ्रीमनसारख्या नटानं पुढे मुलाखतींतून नावालाच दोष दिला, कारण लोकांना ते धड उच्चारताही येत नव्हतं. शॉशँक हा कथेतला काल्पनिक तुरुंग, आणि रिडेम्प्शन म्हणजे उद्धार, हा चर्चमधला शब्द. पोस्टर पाहून बायकामुलांना घेऊन शनिवारची संध्याकाळ तुरुंगात घालवायची कल्पना कुणाला सुचेल? चित्रपटात स्त्री म्हणाल तर सुरुवातीला खून होणारी नायकाची बायको आणि भिंतीवरच्या चित्रातल्या नट्या. बाकी सगळे पुरुष, राखाडी कपडे आणि दगडी भिंती.

टीकाकारांचं म्हणाल, तर त्यांच्यातही एकमत नव्हतं. रॉजर एबर्ट यांनी तेव्हाच कौतुक केलं होतं आणि १९९९मध्ये त्यांनी या चित्रपटाला आपल्या ‘थोर चित्रपटां’च्या मालिकेत जागा दिली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या केनेथ टुरान यांना मात्र त्याचा गोडवा सोसला नाही. दोन तास बावीस मिनिटांची लांबी, संतासारखा नायक आणि डोळे पुसायला लावणारा शेवट, असे आक्षेप निघाले. ऑस्करसाठी सात नामांकनं मिळाली, हाती एकही बाहुली आली नाही. फ्रँक डॅराबाँट यांना दिग्दर्शनासाठी तर नामांकनही नाही.

मग चमत्कार झाला तो घराघरांत. १९९५मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त भाड्यानं गेलेली व्हिडिओ कॅसेट याच चित्रपटाची होती. १९९७पासून टीएनटी या केबल वाहिनीनं तो इतक्यांदा दाखवला, की लोकांना तो नातेवाइकासारखा ओळखीचा झाला. इंटरनेटवरच्या आयएमडीबी या चित्रपटकोशात प्रेक्षकांच्या मतांनी २००८मध्ये तो पहिल्या क्रमांकावर पोचला. थिएटरात न गेलेले प्रेक्षक सोफ्यावर बसून रडले म्हणायचे!

म्हणजे टीकाकार चुकले आणि जनता जिंकली, असं म्हणून मोकळं व्हावं का? मला ते पटत नाही. टीकाकारांच्या तक्रारीत तथ्य आहे. (पुढे शेवट फोडल्याशिवाय लिहिता येणार नाही, चित्रपट पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं.) अँडी डुफ्रेन हा बँकर बायकोच्या आणि तिच्या प्रियकराच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली १९४७मध्ये शॉशँकमध्ये येतो. त्याच्यावर अत्याचार होतात, मार बसतो, पण त्याच्या मनाला कुठे कुबड येत नाही. एकोणीस वर्षं हा माणूस एकदाही हलकट वागत नाही. भोवतालचे कैदी म्हणजे बहुतेक भली माणसं. दुष्ट काय ते बायबल हातात घेतलेला वॉर्डन नॉर्टन, त्याचा पहारेकरी आणि दोनचार गुंड. रेड हा कृष्णवर्णीय कैदी चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन तुरुंगात इतका निर्वेध वावरतो, की वर्णभेद नावाची गोष्ट त्या भिंतींच्या आत शिरलीच नसावी! स्टीफन किंगच्या १९८२च्या मूळ कथेत रेड आयरिश आहे. चित्रपटात फ्रीमनच्या तोंडी त्यावर एक विनोद ठेवून विषय मिटवला आहे.

तरीही हा चित्रपट मोठा आहे, आणि तो अँडीमुळे नव्हे. बोगदा, वादळी रात्र, गटारातून सरपटत सुटका, हे सगळं चित्तथरारक खरं, आणि लोक आठवण काढतात ती त्याचीच. टीकाकार त्यातल्या गोडव्यावर चिडले, चाहते त्यातल्या आशेवर भाळले. दोघांच्याही बोलण्यात एक म्हातारा मागे पडला. त्याचं नाव ब्रूक्स.

जेम्स व्हिटमोर यांनी रंगवलेला हा ग्रंथपाल कैदी सुमारे पन्नास वर्षं आत आहे. खिशात कावळ्याचं पिल्लू बाळगतो, गाडा ढकलत कोठडी-कोठडीला पुस्तकं वाटतो. १९५४मध्ये त्याला पॅरोल मिळतो. आणि सुटकेची बातमी कळल्यावर तो काय करतो? एका सोबत्याच्या गळ्याला सुरी लावतो, कारण गुन्हा केला तर आतच ठेवतील! बाहेर पडल्यावर मोटारींना दचकतो. किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरतो. आपला कावळा येईल म्हणून बागेत पक्ष्यांना दाणे टाकत बसतो. एके दिवशी तुळईवर आपलं नाव कोरतो आणि तिथेच गळफास घेतो. आत तो मानाचा माणूस होता, बाहेर कुणीच नाही. अर्ध्या शतकाची कैद माणसाच्या मनाचं काय करते, हे यापेक्षा कमी शब्दांत मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

मराठी प्रेक्षकाला इथे शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९५७च्या त्या चित्रपटात सहा खुनी कैदी ओसाड माळावर नांगर धरतात, आणि पळून जावंसं वाटलं तरी जेलरचे डोळे त्यांना परत आणतात. त्यामागे औंध संस्थानातला खुल्या तुरुंगाचा खरा प्रयोग होता. तिथे पहारेकऱ्याच्या नजरेनं माणूस सुधारतो; शॉशँकमध्ये त्याच नजरेची सवय माणसाला लुळं करते. मला दोन्ही खरं वाटतं. नजर कुणाची आहे यावर ते अवलंबून असावं.

ब्रूक्सचं कोडं डॅराबाँट सोडून देत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. चाळीस वर्षांनी रेड सुटतो, तेव्हा त्याला तीच खोली मिळते, तसंच पिशव्या भरण्याचं काम मिळतं. लघवीला जायचं तरी तो मॅनेजरची परवानगी मागतो. विचारल्याशिवाय त्याला होतच नाही. फ्रीमन हा प्रसंग इतक्या सहज करून जातो, की हसू येतं आणि लगेच ओशाळायला होतं. वीस वर्षं शिक्षा भोगून आलेला एखादा काका किंवा भाऊ ज्यांच्या घरात असेल, त्यांना दारापाशी थबकणारं असं माणूस नवं नसेल. रेड तुळईकडे बघतो. ब्रूक्सच्या नावाशेजारी स्वतःचं नाव कोरतो. क्षणभर वाटतं, आता हाही त्याच वाटेनं जाणार.

तो जात नाही, बस पकडतो. मूळ पटकथा याच बसमध्ये संपत होती. अँडी भेटेल की नाही, ते रेडला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. निर्माती कंपनी कॅसल रॉकनं मात्र आग्रह धरला की दोघांची भेट दाखवा. डॅराबाँट यांनी ती चित्रित केली, चाचणीच्या खेळांना प्रेक्षकांना ती फार आवडली आणि ती राहिली. टीकाकारांपैकी अनेकांना खटकणारा गोडवा तो हाच, आणि लोकांना हवा होता तोही हाच. मला विचाराल तर मी बसपाशीच थांबलो असतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या निळ्या समुद्रकिनाऱ्यावर रेड चालत येतो तेव्हा कॅमेरा दूर दूर जातो, मिठी मारणारी दोन माणसं ठिपक्याएवढी होतात, आणि दोघं एकमेकांना काय बोलले ते आपल्याला ऐकूच येत नाही.