पिशव्या कुणी सांभाळायच्या?

सुट्टी लागली की आळेफाट्यावरून कुटुंबेच्या कुटुंबे शिर्डी, लोणावळा, खोपोलीच्या मनोरंजन पार्कांकडे निघतात. कारण विचाराल तर ‘पोरांचा हट्ट’. तिथे पोचल्यावर पोरे रांगेत पळतात आणि मोठी माणसे, त्यातही आई-आजी, टॉवेल, चपला आणि डब्यांच्या पिशव्या धरून बाकावर बसतात. वास्तविक महाग तिकीट त्यांचेच असते. वॉल्ट डिस्नेही असाच मुलींना फिरत्या घोड्यांवर बसवून स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबापांनाही मुलांबरोबर खेळता येईल अशी जागा हवी, हे त्याला त्या बाकावर सुचले. १९५५ साली त्याने डिस्नेलँड उघडले. त्याआधी, १८९३ च्या ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने विवेकानंदांचे भाषण झाले, तिथे फेरिसचा पहिला महाकाय पाळणा फिरत होता. त्याच्या एकेका डब्यात साठ माणसे मावत. ती काही पोरांपुरती केलेली सोय नव्हती. आजही पार्कातल्या सर्वांत थरारक पाळण्यावर चढायला किमान उंचीची अट असते, म्हणजे खरी गंमत असते तिथूनच लहानांना परत पाठवतात.

मोठ्यांनी खेळणे आपल्याला नवे नाही. वेद बोललेल्या रेड्याची समाधी आळ्यात आहे, तिथे यात्रा भरते. जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रांत पाळणे, कुस्त्यांचा हगामा, बैलगाडा हे सगळे थोरामोठ्यांचेच. फक्त परवानगी देवाच्या नावाने घ्यायची. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या कायम मोकळ्या केल्या. या काळात बाजू मांडली गेली ती परंपरेची. ‘आम्हाला मजा येते’ एवढे सांगून भागले नसते. शिवाय ही परवानगी सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. शर्यतीच्या घाटात ‘भिर्रर्र’च्या आरोळीवर टोप्या उडवतात ते पुरुष. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथल्या तमासगीर विठाबाईंनी फडावर आयुष्य घालवले, पण कनातीतली गर्दी पुरुषांची. बाईच्या वाट्याला पाळणा तेवढा आला, तोही ओळखीच्या चार नजरांसमोर. अनोळखी गर्दीत तिला पोटातून ओरडता येते, हा पार्कचा गुण मला त्यातल्या यंत्रांपेक्षा मोठा वाटतो.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. मोठ्या पार्कात माणशी हजाराच्या वर जातात. शेतमजुराचे तीन-चार रोज एका दिवसात संपतात. दर उतरावेत, गावाजवळ लहान आणि नीट तपासलेले पाळणे असावेत, ही मागणी रास्तच. पण ज्यांनी तिकीट काढलेच आहे त्यांनी ते काढून बाकावर बसायचे, यात काटकसर कुठे? शिवनेरी आहे, नाणेघाट आहे, २०१८ पासून जुन्नर पर्यटन तालुका आहे, मग हा नकली थरार कशाला, असेही विचारले जाते. गड जरूर चढावा. पण गडावर आपण पोरांना इतिहास समजावत चढतो. तिथेही मोठा माणूस शिक्षकाच्या कामावरच असतो. (आणि पावसाळ्यात निसरड्या कड्यावर सेल्फी काढण्यापेक्षा कंबरेला पट्टा बांधून उलटे लटकणे बरे.)

त्याहून टोकदार प्रश्न आपल्याच शिवारातला आहे. ज्याच्या उसात बिबट्या आहे, ज्याला रात्रीच्या विजेवर पाणी धरायला बॅटरी घेऊन बांधावर जावे लागते, त्याने भीती विकत का घ्यावी? मला वाटते, त्यालाच तिचा उपयोग अधिक. उसातल्या भीतीला वेळ नसते आणि ती पोराबाळांपाशी बोलूनही दाखवता येत नाही. कांद्याचा भाव कोसळला तरी घरात आवाज चढवायचा नाही, हीच मोठेपणाची रीत. पाळण्यावरची भीती दोन-तीन मिनिटांत संपते, तिच्यात मोठ्याने ओरडायला कुणाची हरकत नसते आणि खाली उतरल्यावर माणूस हसतो. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असेल तर सूचनांचा फलक पाळावा, त्यात वाद नाही. उरलेल्यांनी रांगेत उभे राहावे. पिशव्यांसाठी तिथे भाड्याने लॉकर मिळतात. त्यासाठी आईला बसवून ठेवायची गरज नाही.