न मागितलेला हिशेब

इंटरनेटला मालक नाही, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगत आलो. पण ज्याला मालक नसतो त्याचाही कारभार कोणीतरी पाहतच असते. डोमेन नावांचा कारभार 1998 साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आयकॅन ही ना-नफा संस्था पाहते. आयपी पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक रजिस्ट्री करतात; आशिया-पॅसिफिकची एपनिक ब्रिस्बेनला आहे, आफ्रिकेची ॲफ्रिनिक मॉरिशसला. या संस्थांचे कारभारी सामान्य माणसाच्या मतावर निवडून येत नाहीत आणि आपला माहितीचा अधिकार त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यावर वचक ठेवण्याचे एकच साधन आपल्या हाती उरते: वर्षातून एकदा, ठरलेल्या मुदतीत, पैसा कुठून आला, कुठे गेला, कोणाला किती मिळाला आणि कोणता निर्णय कोणी घेतला, हे त्यांनी लिहून जाहीर करणे. आणि नेमके हेच साधन आपण, म्हणजे या जाळ्यावर पोट भरणारे अभियंते, सेवापुरवठादार, संकेतस्थळे चालवणाऱ्या संस्था, पत्रकार आणि प्राध्यापक, गंजू दिले. अहवाल उशिरा आला तर आपण त्याला कार्यालयीन ढिलाई म्हणतो. तो अपूर्ण आला तर ते ध्यानात येण्याइतकाही आपण तो वाचत नाही.

ही दृष्टिहीनता आपल्याला वारशाने मिळाली आहे, आणि तिचे मूळ एका चांगल्या गोष्टीत आहे हे अधिक दुःखाचे. 1970 च्या दशकाच्या आरंभापासून जॉन पोस्टेल नावाचे संगणकशास्त्रज्ञ जाळ्यावरचा कोणता क्रमांक कोणाला दिला याची यादी ठेवत होते. सुमारे पाव शतक त्यांनी हे काम निःस्पृहपणे केले आणि त्यांच्या शब्दावर जगभरचे अभियंते विसंबले. त्या काळी त्या यादीत पैसा नव्हता, म्हणून हिशेबही नव्हता. पण 1995 च्या सप्टेंबरपासून एका डोमेन नावाला दोन वर्षांसाठी 100 डॉलर आकारले जाऊ लागले आणि यादीचे रूपांतर बाजारात झाले. 1998 च्या ऑक्टोबरात पोस्टेल वारले. ज्या माणसावर विश्वास होता तो गेला. विश्वासाची सवय मात्र त्याच्या जागी येणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण आंदण दिली. हिशेब विचारणे म्हणजे संशय घेणे आणि संशय घेणे म्हणजे असभ्यपणा, ही समजूत तेव्हापासून रुजली. आपल्या किती रूढी अशाच जन्मल्या! एका पिढीच्या सद्गुणाची पुढच्या पिढीने न तपासता परंपरा केली आणि तिच्या आड अन्याय सुखाने नांदला.

उशीर ही किरकोळ बाब नाही, हे तारखांकडे पाहिले तरी उमगते. आयकॅनचे आर्थिक वर्ष 30 जूनला संपते. तिच्या उपविधींनुसार लेखापरीक्षित ताळेबंदासह वार्षिक अहवाल 120 दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरअखेर तयार व्हायला हवा. ज्या विवरणपत्रात वरिष्ठ अधिकाऱ्यांची वेतने आणि बड्या कंत्राटदारांची देणी असतात, ते अमेरिकी करखात्याला 15 नोव्हेंबरपर्यंत द्यायचे असते. मुदतवाढ घेतली तर ते पुढच्या 15 मेपर्यंत लांबवता येते. इकडे येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकावर लोकांची मते मागवली जातात ती साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात. मुदतवाढ घेतलेल्या वर्षी मत देणाऱ्याने मत द्यायचे ते गेल्या वर्षीचे पगारपत्रक न पाहता, आणि ते हाती येईपर्यंत नवे अंदाजपत्रक मंजुरीच्या उंबरठ्यावर असते. यात कोणी कायदा मोडला असे नाही. पण हिशेब अशा वेळी मिळतो की त्याचा उपयोग फक्त इतिहासकाराला व्हावा. हा पैसा परका नाही. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नाव घेणारा प्रत्येक जण दरवर्षी त्या नावामागे विक्रेत्यामार्फत आयकॅनकडे शुल्क भरतो. वर्षानुवर्षे ते 18 सेंट होते, 2025 च्या जुलैपासून 20 सेंट झाले. रक्कम लहान आहे म्हणून आपण ती कधी आपली मानली नाही, आणि अशा लहान रकमांची बेरीज होऊन संस्थेचे वार्षिक उत्पन्न 14 कोटी डॉलरच्या घरात गेले.

ज्यांनी हिशेब मागितला त्यांचे आपण काय केले? 2000 साली इंटरनेट वापरणाऱ्या लोकांनी थेट मतदानाने आयकॅनचे पाच संचालक निवडले. त्यांतले उत्तर अमेरिकेतून निवडून आलेले कार्ल आउरबाख यांनी संस्थेची हिशेबाची कागदपत्रे पाहायला मागितली. संचालकाला हा अधिकार कॅलिफोर्नियाचा कायदाच देतो. संस्थेने अटी घातल्या. त्यांना न्यायालयात जावे लागले आणि 2002 च्या जुलैत निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर समुदायाने त्या अधिकाराची व्याप्ती वाढवायला हवी होती. घडले ते उलट: त्याच वर्षी उपविधी बदलून लोकनियुक्त संचालकांच्या जागाच काढून टाकण्यात आल्या. आउरबाख यांना तंटेखोर म्हणणारे तंत्रज्ञ होते, आणि त्याहून कितीतरी मोठी संख्या गप्प बसणाऱ्यांची होती. त्या गप्प बसणाऱ्यांत आपण सारे आलो.

या मौनाचे फळ 2019 साली दिसले. डॉट ऑर्ग हे नाव धर्मादाय संस्था, वाचनालये, साहित्य मंडळे, रुग्णसेवा केंद्रे यांचे. आपल्याकडच्याही असंख्य संस्थांचा पत्ता तोच. त्याच्या किमतीवरची मर्यादा काढू नये असे तीन हजारांहून अधिक लोकांनी लिहून कळवले, तरी आयकॅनने ती काढली. काही महिन्यांतच, 13 नोव्हेंबरला, इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने डॉट ऑर्गचा कारभार पाहणारी आपली संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा करार जाहीर केला. किंमत 113.5 कोटी डॉलर. सोसायटीच्या देशोदेशीच्या शाखांना ही गोष्ट घोषणेनंतरच कळली. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतला आणि 2020 च्या एप्रिलअखेर आयकॅनने परवानगी नाकारली, म्हणून ती विक्री टळली. एक कोटीहून अधिक नावांचे भवितव्य बंद दाराआड ठरत होते आणि ते दार बाहेरून ठोठावावे लागले.

आणि जिथे वेळेवर कोणी ठोठावले नाही तिथले काय? आयपीव्ही4 पत्ते मर्यादित आहेत, आणि आफ्रिकेच्या वाट्याला त्यांतले सर्वांत थोडे आले. गरीब देशांतल्या उद्याच्या शाळा, दवाखाने, दूरध्वनी सेवा यांच्यासाठी राखलेली ती शिल्लक ॲफ्रिनिकच्या नोंदवहीत होती. त्या नोंदवहीतूनच, संस्थेच्या आतून, पत्ते हळूहळू नाहीसे झाले. 2019 साली हे उघडकीस आणले ते कोणा लेखापरीक्षकाने नव्हे, तर बाहेरच्या एका स्वतंत्र संशोधकाने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका पत्रकाराने. 2021 च्या जानेवारीत संस्थेनेच आपल्या तपासणीत मान्य केले की राखीव साठ्यातले सुमारे 23 लाख 70 हजार पत्ते गैरमार्गाने काढले गेले होते. त्यानंतर एका मोठ्या सभासदाशी न्यायालयीन लढाई सुरू झाली, बँक खाती गोठली, संचालक मंडळाची गणपूर्ती संपली, मुख्य अधिकाऱ्याची मुदत संपली तेव्हा नवा नेमायला मंडळच उरले नव्हते, आणि 2023 च्या सप्टेंबरात मॉरिशसच्या न्यायालयाने संस्थेवर प्रशासक नेमला. 2025 च्या जूनमधली निवडणूक मुखत्यारपत्रांच्या गोंधळात रद्द झाली. नवे मंडळ आले ते सप्टेंबरात. पत्ते नाहीसे होत होते त्या सगळ्या वर्षांत सभा होत होत्या, अहवाल निघत होते, सभासद हात वर करत होते. नोंदवही आणि साठा यांचा मेळ कोणी घालून पाहिला नाही. ज्यांचे पत्ते गेले त्यांतल्या बहुतेकांना ते आपले होते हेही ठाऊक नाही. अशी चोरी सर्वांत निर्दय, कारण तिच्यात फिर्यादीच नसतो.

हे दूरदेशीचे पाप म्हणून हात झटकू नयेत. आपल्याकडच्या वार्षिक सभेत ताळेबंदाचा विषय निघतो आणि कागद उलटण्याआधी "मंजूर, मंजूर" असा गजर होतो. त्याच सभांतून तयार झालेले आपण पुढे पुण्यात, बंगळुरात, कॅलिफोर्नियात या जाळ्याचे कारागीर होतो आणि तीच सवय बरोबर नेतो. फरक इतकाच की महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा न घेणाऱ्या पदाधिकाऱ्यांना अपात्र ठरवण्याची तरतूद तरी आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला जो धाक आहे, तो जगाच्या नावांचा कारभार करणाऱ्यांना असू नये, हे आपल्याला कधी खटकले नाही. संस्था लहान आहे, माणसे कमी आहेत, कामाचा व्याप मोठा आहे, अशी कारणे दिली जातात आणि आपण मान डोलावतो. ज्या संस्थेला वर्षातून तीनदा देशोदेशी परिषदा भरवता येतात, तिला ताळेबंद वेळेवर छापता येतो.

अधिकार आता कागदावर आहेत. 2016 साली अमेरिकी सरकारची देखरेख संपली तेव्हा आयकॅनच्या समुदायाला अंदाजपत्रक फेटाळण्याचा आणि संचालक हटवण्याचा हक्क मिळाला. आजवर तो एकदाही बजावला गेला नाही. एपनिकची वार्षिक सभा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते, आणि तिच्या सभासदांत भारतीय सेवापुरवठादार आहेत. .इन आणि देवनागरीतले .भारत ही नावे सांभाळणारी निक्सी आपल्याच देशाची कंपनी आहे; तिचा अहवाल मागायला समुद्र ओलांडावा लागत नाही. ज्यांच्या हाती सभासदत्व आहे त्यांनी अहवाल सभेआधी मागावा, गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून वाचावा आणि न जुळणारा आकडा उभे राहून विचारावा. ज्यांच्या हाती सभासदत्व नाही त्यांनी आपल्या सेवापुरवठादाराला पत्र लिहून विचारावे की यंदा तुम्ही कोणाला मत दिले आणि का. ज्या मंडळाचा अहवाल मुदतीत आला नाही, त्यातल्या एकालाही पुन्हा निवडून देऊ नका.