डोंगराला कशाला दोष देता?

मंडळी, उन्हाळा आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेले वाक्य छापून येते. "वरुणराजाने यंदाही माण-खटावकडे पाठ फिरवली." टँकरच्या फोटोखाली ते शोभूनही दिसते. माझा या वाक्यावर राग आहे. पाठ फिरवायला वरुणराजा इकडे तोंड करून बसला होता कधी?

आधी एक गैरसमज काढून टाकू. ढग डोंगराला अडतात आणि पाऊस पडतो, असे पुष्कळांच्या डोक्यात पक्के बसले आहे. अहो, कुंपणाला अडायला ढग म्हणजे काय गुरे आहेत? अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा सह्याद्रीपाशी येतो आणि त्याला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. किलोमीटरमागे साधारण १० अंश, आणि बाष्पाचे पाणी होऊ लागले की ५-६ अंश. त्या थंडाव्यात बाष्पाचे थेंब होतात, ढग जमतो, पाऊस कोसळतो. म्हणजे पुष्कळसे ढग तिथेच, डोंगरावर तयार होतात.

घाट ओलांडला की उलटा प्रकार. तीच हवा खाली उतरते, दाबली जाते, तापते आणि उरलेले ढग विरून जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, खाली वाईला हजाराच्या आत, आणि पुढे माणात पाचशेच्या आसपास. याला पर्जन्यछाया म्हणतात. ही छाया शिवाजीमहाराजांच्या काळीही होती आणि आपल्या पणतवंडांच्या काळीही राहणार.

एखादे वर्ष खरेच वाईट असते, हे मला मान्य आहे. १९७२ साली खडी फोडून सुकडी खाल्लेल्या माणसांना ते सांगायला नको. पण पाचशे मिलिमीटर हा तिथला नेहमीचा पाऊस आहे, आणि आपण मात्र दरवर्षी तो पाहून दचकल्यासारखे करतो.

आणि दचकून करतो काय? विमाने उडवतो! २००३, २०१५ आणि २०१९ साली आपल्या राज्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. पण मीठ फवारायला आधी पाण्याने भरलेला ढग लागतो. खाली उतरून कोरड्या पडलेल्या हवेत तो आणणार कुठून?

दुसरीकडे याच छायेत, जिथे धरणाचे पाणी पोचते तिथे, आपण ऊस लावतो. उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग उभी आहे. मी माण तालुक्यात मास्तरकी केली. दिवाळी झाली की पटावरची मुले गळायला लागायची. आईबाप ऊसतोडीला, मुले पाठोपाठ. ज्या गावाला प्यायला पाणी नाही, त्या गावची लेकरे दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या फडात पाचट गोळा करत असत. हेही वरुणराजानेच केले का?

शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. उसाचा दर ठरलेला, घेणारा कारखाना ठरलेला. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा कितीदा भेटतो? माणूस जे विकले जाते तेच पेरणार. दोष पाणी आणि बाजार यांची घडी बसवणाऱ्यांचा आहे.

नगर जिल्ह्यातले हिवरे बाजारही याच छायेत आहे. तिथे पाऊस मोजतात, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. ऊस तिथे वर्ज्य. त्यासाठी त्यांना सह्याद्री हलवावा लागला नाही.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात ते वाक्य दिसले की संपादकाला पत्र टाका आणि विचारा, पाणी कुठे गेले? मी तर टाकणारच आहे. असो. ज्यांना पटले नसेल त्यांनी घरी भांडायला यावे. चहा होईल, पण साखर थोडी कमी पडेल!