नरक्याची साल कोणाच्या घशात?

सह्याद्रीतील नरक्या या वृक्षाच्या फुलांना दुर्गंध येतो, म्हणून त्याला नावही नरकाचे! मात्र त्याच्या सालीतील कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून टोपोटेकन, आयरिनोटेकन ही कर्करोगावरील औषधे बनतात. १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून हे द्रव्य वेगळे करणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, हे नंदुरबारचे सुपुत्र. नरक्यातही ते आहे, हे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

आणि मग सुरू झाली ती तस्करी. सालीसाठी झाड मुळासकट जाते; तोडणाऱ्या वनवासीच्या हाती पडते केवळ मजुरी, नफा मात्र बाहेरच्या व्यापाऱ्याचा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला, अर्थात खालापूर तालुक्यातील साजगावलाही, समिती नेमून आपल्या वनसंपदेची नोंदवही तयार करण्यास सांगितले. पण कपाटातली नोंदवही कुऱ्हाड कशी अडवणार? त्यात २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातील तुरुंगवास काढून टाकला. उरला एक ते पन्नास लाखांचा दंड. बड्या व्यापाऱ्याला तो कितीसा जड? तुरुंगाची तरतूद पुन्हा आणावी आणि सालीचा प्रत्येक परवाना ग्रामसभेसमोर वाचला जावा. नफ्यातील वाटा ही गावाला घातलेली भीक नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.