देवाची योजना म्हणजे सटवाईचा लेख नव्हे

बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी सटवाई ख्रिस्ती घरांनी केव्हाच सोडली. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवणे बंद झाले. पण सटवाई गेली नाही, तिने फक्त नाव बदलले. कुणाच्या घरी अकाली मरण आले की मंडळीतले चार जण भेटायला जातात आणि पुढ्यात चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतेच, "देवाची योजना होती, बाई. आपण काय करणार?" सांगली-मिरजेच्या, साताऱ्याकडच्या मंडळ्यांतल्या भावाबहिणींनो, हे वाक्य आता सोडा.

योजना आहे, यात वाद नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल सांगतो की माणसाला ख्रिस्ताच्या द्वारे आपलेसे करायचे, हे देवाने जग घडण्याच्या आधीच ठरवले होते. आदाम चुकला, मग देव गडबडला आणि ऐनवेळी त्याला काही उपाय सुचला, असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात हीच कथा मराठी ओव्यांत सांगितली. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. ते बेथलेहेमपासून सुरू होत नाही, सृष्टीच्या उत्पत्तीपासून होते. सगळे पहिले पुराण जुन्या करारात जाते आणि येशूचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. वधस्तंभापर्यंत पोचायला इतक्या लांबून यावे लागते, हे त्या साहेबाने नेमके ओळखले होते. आपल्याकडे मात्र पुष्कळांचे वाचन नाताळ आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरतेच उरले आहे.

पण ही योजना तारणाची आहे, हरवलेल्याला परत आणण्याची. कुणाची होडी कधी उलटायची याचे ते वेळापत्रक नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची. ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी बोटच उलटली आणि माणसे बुडाली. त्या मरणांना देवाची योजना म्हणणाऱ्याने लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढावा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती काय, असे येशूनेच विचारले आणि त्यानेच नाही म्हणून सांगितले. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडला नाही, ऐकणाऱ्यांना मात्र पश्चात्ताप करायला बजावले. लाजराच्या कबरेपाशी तर, आपण याला उठवणार हे ठाऊक असूनही, तो रडला. आपण मात्र मयताच्या घरी बसून कारणे सांगतो.

मग देवाच्या हातात काहीच नाही का, असे कुणी विचारील. आहे. वाइटातूनही देव भले काढतो, असे रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो. पण वाइटातून भले काढणे वेगळे आणि वाईट मुद्दाम करणे वेगळे. यहूदाचा विश्वासघात तारणाच्या कामी आला म्हणून यहूदा निर्दोष ठरला नाही. धरणाच्या पाण्याचा निर्णय चुकला, नाव गळकी होती, माणसे जास्त भरली, तर तो दोष माणसांचा. तो देवाच्या नावावर ढकलणे ही नास्तिकतेपेक्षा वाईट गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

योजनेची गोष्ट सांगायचीच असेल तर दारू सुटत नाही म्हणून उपासनेला यायची लाज वाटणाऱ्याला सांगा. तुझा पहिला पेला भरण्याच्या कितीतरी आधी तुझ्या सुटकेचे ठरलेले आहे, असे त्याला कुणीतरी म्हणायला हवे. आणि बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात आहे म्हणून निर्धास्त असलेल्यालाही सांगा, की निवड ही मिरवायला झालेली नाही. कवी ना. वा. टिळक 1917 साली साताऱ्यात आले आणि त्यांनी देवाचा दरबार उभा केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. पुढे दोनच वर्षांत ते गेले, दरबार वाढायचा राहिला. तरी कुंपण कुठे घालायचे हा त्यांचा प्रश्न मंडळीने अजून सोडवलेला नाही.

हातावर हात ठेवून बसणाऱ्यांनी मिरजेकडे बघावे. डॉ. विल्यम वानलेस 1889 साली या भागात आले आणि 1894 साली मिरजेचे मिशन हॉस्पिटल सुरू झाले. जग होण्याआधीच सगळे ठरले आहे असे मानणारा हा माणूस. त्याने रोग्याच्या उशाशी बसून योजना समजावली नाही, शस्त्रक्रिया केली. पुढे इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवली.

तेव्हा यंदा पावसाळ्याआधी प्रत्येक मंडळीने एवढे करावे. नदीकाठच्या वस्तीत एकटी राहणारी म्हातारी माणसे कोण, त्यांची औषधे कोणती, हे लिहून ठेवा. सभागृहाची किल्ली कुणाकडे असते ते शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांनाही माहीत असू द्या. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांकडे सरकू लागले की दार उघडा, कमिटीची बैठक नंतर घ्या. आणि ज्या घरात मरण आले असेल तिथे डबा घेऊन जा, बसा, विचारल्याशिवाय बोलू नका.