बाटलीवर डाळिंब, आत साखर

गेल्या आठवड्यात भाच्याने आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, डाळिंबाच्या पेयाची बाटली आणली. वर लिहिलेलं, ‘पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी’. आईला मधुमेह आहे. बाटली उलटी करून बघितली तर घटकांत पहिलं पाणी, दुसरी साखर, मग रस. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, एवढं ध्यानात ठेवा.

दावा अगदीच हवेतला नाही, हेही सांगतो. डाळिंब-जांभळाचा रंग आणि तुरटपणा येतो तो मुख्यतः पॉलिफेनॉल्समुळे. त्यांचा थोडाच भाग लहान आतड्यात शोषला जातो. बाकीचा मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू तो मोडून नवे पदार्थ बनवतात. डाळिंबापासून युरोलिथिन बनतं ते असंच. पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात! शिवाय यातलं बरंचसं संशोधन प्रयोगशाळेतलं, उंदरांवरचं किंवा मोजक्या माणसांवरचं आहे. त्याच्या जिवावर छातीठोक जाहिरात कशी करता?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. गाळलेल्या रसातली साखरही त्यातच मोजायची. आणि गाळताना जो चोथा आपण फेकतो, तेच तर या जिवाणूंचं खाणं!

आपल्याकडे ‘फ्रूट ड्रिंक’ला १० टक्के रस असला तरी चालतो, लिंबाला तर ५. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला. चांगलं केलं. आता पुढचं पाऊल हवं: रस किती टक्के आणि साखर किती चमचे, हे बाटलीच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, मराठीत. चित्र पुढे आणि खरं मागे, हे बंद करा.

तोवर आमच्या घरी डाळिंबाचे दाणे चावून खायचे, तेही बेताने. सरबत हवंच तर कोकमाचं आगळ पाण्यात घालून, बिनसाखरेचं. आगळात मीठ असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी जपून.

तुमच्या घरातली बाटली उलटी करून बघा. दुसरा घटक कोणता निघाला, खाली लिहा.