आधी पैसे, मग पार्सल



आपल्या लेकी-सुना आता मोबाईलवरून गूळ, काकवी, हळद विकू लागल्या आहेत, हे स्तुत्य आहे. मात्र पैसे कसे घ्यावेत, यावर आमचे मत स्पष्ट आहे. माल पोचल्यावर रोख म्हटले, की गिऱ्हाईक पार्सल नाकारते आणि जाण्या-येण्याचे भाडे आपल्याच बोकांडी बसते. उसाच्या बिलाला १९६६ च्या आदेशाने १४ दिवसांची मुदत तरी आहे. असल्या उधारीला काय आहे? तेव्हा पैसे आधी यूपीआयने घ्यावेत. बँक खात्यातून होणाऱ्या अशा भरण्यावरचा व्यापारी आकार सरकारने जानेवारी २०२० पासून माफ केला. मध्ये कंपनी असेल तर तिची फी अगोदर विचारावी. रोखीची सवलत फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकाला. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरात सर्वांना बजावून ठेवा!